ठाण्यातलं ॲक्वेरियमचं दुकान, पांढरा बेडूक आणि तो 'फुल सेट': माझा रिव्ह्यू

आधी रेटिंग देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. बेडूक पाचपैकी पाच. दुकानात मागच्या बाजूला पाईप घेऊन टाक्या साफ करणारा पोरगा आहे त्याला पाचपैकी सहा. काउंटरवर जे काही सांगतात त्याला दोन. आणि 'फुल सेट' म्हणून जो डबा गळ्यात मारायला बघतात त्याला शून्य देता येत नाही म्हणून एक.

दुकान ठाणे वेस्टला, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्यावर. नाव लिहीत नाहीये, कारण एक तर त्या पोराची नोकरी आहे तिथे, आणि दुसरं म्हणजे हा काही एकट्या दुकानाचा प्रश्न नाही. वाशीला पण एका ठिकाणी बघून आले होते, तिथे बेडूक स्वस्त होता पण टाकीत वास येत होता आणि दोन बेडूक एका बाजूला कलंडून पडलेले, त्यामुळे तिथून काढता पाय घेतला, त्याबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही.

तर झालं असं की लेकीला (सहावीत आहे) मासे नको होते, कुत्रा सोसायटीत चालतो पण आमच्या वन बीएचकेत आणि सासूबाईंच्या सोवळ्यात चालत नाही, मांजर नवऱ्याला चालत नाही, शिंका येतात. पाण्यात राहणारा बेडूक हा सगळ्यांना 'बरं ठीक आहे' वाटलेला एकमेव पर्याय. मी जाण्याआधी बरंच वाचून गेले होते आणि घरात पूर्वी मासे होते त्यामुळे टाकी, फिल्टर हे काही नवीन नव्हतं. म्हणूनच काउंटरवरची गंमत जास्त कळली.

दुकान आत लांबलचक आहे, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या रांगा, मधून एक माणूस जेमतेम जाईल. माशांच्या टाक्या खरंच स्वच्छ आहेत, हे मान्य करायलाच पाहिजे, मेलेला मासा एक दिसला नाही. बेडकांची टाकी सगळ्यात खाली, गुडघ्याच्या उंचीवर. त्यावर झाकण, झाकणावर पिशवीत गुंडाळलेली अर्धी वीट, आणि काचेवर मार्करने लिहिलेलं, 'ड्वार्फ फ्रॉग, साईझ वाढत नाही'. आत पिवळसर पांढरे, गुलाबी डोळ्यांचे, अंगठ्याएवढे सात-आठ बेडूक.

आता हे ड्वार्फ नव्हतेच. हे लिहिते कारण ही एकच गोष्ट माहीत असली तरी तुमचा निम्मा घोटाळा वाचेल. आपल्याकडे पाण्यातले म्हणून दोन आफ्रिकन बेडूक मिळतात. एक खरा ड्वार्फ, तो मोठा झाला तरी साडेतीन-चार सेंटिमीटरच्या आसपासच राहतो, आणि त्याच्या चारही पायांना पडदे असतात. दुसरा क्लॉड फ्रॉग, म्हणजे नखांचा, त्याच्या पुढच्या हातांना पडदा नसतो, बोटं सुटी, आणि मागच्या पायाच्या तीन बोटांना काळी बारीक नखं. डोळे डोक्याच्या वर, आकाशाकडे बघत असल्यासारखे. हा मोठा झाला की मादी दहा-बारा सेंटिमीटरची होते, पाय सोडून. नर त्याहून लहान. पांढरा, गुलाबी डोळ्यांचा बेडूक जो दुकानात दिसतो तो जवळजवळ नेहमी क्लॉडच असतो, ड्वार्फ बहुतेक करून मातकट, ठिपक्याठिपक्यांचा असतो. खाली बसायचं, काचेला नाक लावायचं, पुढचे हात बघायचे. दहा सेकंदांचं काम आहे.

मी काउंटरवरच्या काकांना म्हटलं, काका हा क्लॉड आहे ना? तर ते म्हणाले, "मॅडम एकच असतं ते, कंपनी वेगळी." बरं.

पुढे ते म्हणाले याला काही लागत नाही, दोन दाणे सकाळी, दोन दाणे संध्याकाळी, आणि गोल्डफिशसोबत मस्त राहतो. गोल्डफिशसोबत सध्या राहील हो, कारण सध्या त्याच्या तोंडात गोल्डफिश मावत नाही. या प्राण्याचं तत्त्व सरळ आहे, तोंडात मावेल ते अन्न. गप्पी, निऑन असले छोटे मासे, स्वतःहून लहान बेडूक, काहीही. ड्वार्फ मात्र खरंच गरीब असतो, त्याचं उलटं आहे, मासे त्याचं खाणं पळवतात आणि तो उपाशी राहतो. म्हणजे दोघांसाठी सल्ला वेगळा, आणि पाटी मात्र एकच.

मग आला फुल सेट. चौकोनी ॲक्रिलिकचा डबा, पाणी मावेल तीन-चार लिटर. त्यात लाल-निळी रंगीत खडी, एक टोकदार प्लॅस्टिकचं झाड, झाकणात निळा एलईडी, आणि एक खाण्याची डबी ज्यावर चित्र गोल्डफिशचं. बेडकासकट बाराशेच्या आसपास सांगितले. आणि वर, हे ऐका, हीटर. मे महिन्यात. ठाण्यात. मी घाम पुसत उभी आहे, दुकानातला पंखा गरम हवा फेकतोय आणि काका मला बेडकासाठी हीटर विकतायत. क्लॉड फ्रॉगला थंड पाणी लागतं, अठरा ते बावीस डिग्री हे त्याच्या आवडीचं, चोवीसच्या वर फार काळ नको. आपल्याकडे प्रश्न पाणी गार कसं ठेवायचं हा आहे, तापवायचा नाही. ड्वार्फला जरा उबदार लागतं, चोवीस-सव्वीस, पण त्यालाही इकडे हीटर कशाला लागतोय, डिसेंबरमधले चार दिवस सोडले तर.

त्या सेटमधली प्रत्येक वस्तू बेडकाच्या विरोधात आहे, हे मला खरंच कौतुकास्पद वाटलं. रंगीत खडी घ्या. या बेडकाला जीभ नसते. तो खाणं दिसलं की झडप घालतो आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबतो, त्या झडपेत खडी पण जाते, आणि शेंगदाण्याएवढे खडे पोटात अडकले की संपलं. एक तर तळ मोकळा ठेवायचा, नाहीतर एकदम बारीक धुतलेली वाळू, नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे. मधली साईझ नको. टोकदार प्लॅस्टिकच्या झाडाने कातडी खरचटते. निळा लाईट तर त्याला नकोच असतो, हा अंधारात हिंडणारा प्राणी, त्यात हा पांढरा, यांना जास्तच त्रास. आणि तीन लिटर पाणी! एका मोठ्या क्लॉड फ्रॉगला चाळीस लिटर तरी पाहिजे असा साधारण हिशोब धरतात. कारण तो घाणही तशीच करतो, माशापेक्षा जास्त.

मी सेट नको म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. इथेच मी दुकान सोडून जायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून तो पोरगा आला. अठरा-एकोणीसचा असेल, हाफ पँट, हातात हिरवी नळी, एक टोक टाकीत आणि दुसरं बादलीत. हळूच म्हणाला, "ताई, क्लॉडच आहे तो. मोठी टाकी असेल तरच न्या." एवढ्या एका वाक्यावर मी बेडूक तिथूनच घेतला.

आणि मग पुढची सगळी खरेदी त्याच्यासोबत. त्याने काय केलं ते सविस्तर लिहिते कारण कुठल्याही दुकानात तुम्ही हे मागून घेऊ शकता.

पहिलं, बेडूक निवडताना त्याने जाळी वापरली नाही. जाळीत नखं अडकतात म्हणे. एक पारदर्शक मग पाण्यात आडवा सोडला, बेडूक स्वतः आत गेला, वर हात ठेवून उचलला. मी सांगितलं होतं की जो तळाशी दबा धरून बसलाय आणि हात जवळ आला की पळतो तो दे, जो वर तरंगत पडलाय तो नको. अंग फुगलेलं नसावं, पोटावर मांड्यांवर लाली नसावी (रेड लेग म्हणतात त्याला, जिवाणूंचं इन्फेक्शन असतं), कातडी तुटक निघत नसावी. त्याने स्वतःच एक बाद केला, "हा खात नाही दोन दिवस झाले." विकणारा माणूस स्वतःहून माल बाद करतोय हे मी ठाण्यात तरी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरं, पॅकिंग. माशाला पिशवीत पाणी जास्त आणि वर ऑक्सिजन. याने पाणी चार बोटं आणि बाकी सगळी हवा ठेवली, म्हणाला "ताई हा श्वास वर येऊन घेतो, पिशवीत बुडून मरेल." अगदी बरोबर. पाण्यात राहतो म्हणून लोकांना वाटतं याला कल्ले असतील. याला फुप्फुसं आहेत, दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. म्हणून टाकीत पाणी काठोकाठ भरायचं नाही, वर हवेला जागा पाहिजे.

तिसरं आणि सगळ्यात भारी. मी स्पंज फिल्टर (हवेच्या पंपावर चालणारा, स्पंजमधून पाणी गाळणारा) आणि छोटा एअर पंप घेतला, दोन्ही मिळून पाचशेच्या आत. तर त्याने बेडकांच्याच टाकीत चालू असलेला जुना, तपकिरी झालेला स्पंज काढला आणि माझा नवा त्या टाकीत लावला. "नवीन धुऊन लावू नका, हा तसाच लावा, ओला ठेवा." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टाकीतल्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे त्यामानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात, जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर प्राणी आपल्याच घाणीत पोहत असतो. नवीन आणलेले मासे-बेडूक पहिल्या महिन्यात मरतात त्यातले कितीतरी यामुळेच मरतात, आणि दुकानदार म्हणतो 'पाणी सूट झालं नाही'. जुना स्पंज म्हणजे हे जिवाणू आयते मिळाले. पण तो त्याच टाकीतला घ्यायचा जिथून प्राणी घेतलाय, भलत्याच टाकीतला घेतला तर तिथले रोग पण घरी येतात. या पोराने ते न सांगता बरोबर केलं. पैसे किती म्हटलं तर म्हणाला जुन्याचे काय पैसे. काउंटरवर मात्र बिलात स्पंजचे पूर्ण लावले, ते ठीक, नवा पण त्यांच्याकडेच राहिला.

स्पंजच का, तर पाण्याला जोर नको. या बेडकाच्या दोन्ही कुशींवर टाके घातल्यासारख्या बारीक रेषा दिसतात, जवळून बघा, त्याने तो पाण्यातली हालचाल ओळखतो. माशांना असतं तेच. मोठा पॉवर फिल्टर लावला तर त्याला चोवीस तास कुणीतरी आपल्या अंगावर येतंय असं वाटत राहणार.

एवढं सगळं करून बिल आलं ते सेटपेक्षा कमीच, टाकी माझ्याकडे जुनी दोन फुटी होती म्हणून. बेडूक दीडशे. अँटी-क्लोरीनची बाटली वेगळी. जीपे चालतो. 'जिवंत माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी आहे, आणि ती खरी आहे, समोर एक बाई मेलेला फायटर मासा घेऊन आल्या होत्या त्यांना सरळ वाटेला लावलं. म्हणजे घेताना डोळे उघडे ठेवून घ्या, नंतर भांडून उपयोग नाही.

आता घरचं. बेडकाचं नाव खरवस ठेवलंय, लेकीने. सासूबाईंनी तीन दिवस खरवस हा शब्द उच्चारायचं टाळलं, म्हणाल्या आता माझ्या जन्मात खरवस खाणं झालं. आता सासूबाईच सकाळी उठून आधी टाकीपाशी जातात.

पाण्याबद्दल. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बेडकाची कातडी म्हणजे गाळणंच, सगळं आत. बादली उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली तर साधं क्लोरीन उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीनचाच टिकून राहणारा प्रकार) असेल तर ते असं जात नाही, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब टाकलेलेच बरे. आणि एक खास सोसायटीवाल्यांसाठी. सोसायटीची पाण्याची टाकी साफ केली की ब्लीचिंग पावडर टाकतात आणि ग्रुपवर 'आज टाकीची सफाई, पाणी जपून वापरा' असा मेसेज येतो, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बेडकाच्या टाकीचं पाणी बदलू नका. टँकरचं पाणी आलं तरी तेच, आधी बादलीत घेऊन वास बघा. एरवी आठवड्यातून एकदा पाव टाकी बदलायची, सगळं पाणी एकदम कधीच काढायचं नाही, आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर ते जिवाणू क्लोरीनने मरतात आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. साबण, डिश वॉश, फिनाईल यातलं काही टाकीच्या आसपास नको. हाताला क्रीम लावलेलं असेल तर हात आत घालू नका.

आणि हात बाहेर काढल्यावर मात्र साबणाने स्वच्छ धुवायचे, पोरांनी तर नक्कीच. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात ड्वार्फ बेडकांमुळे साल्मोनेलाची (पोट बिघडवणारा जिवाणू) मोठी साथ आली होती आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलंच जास्त होती. टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतू नका, बाथरूममध्ये ओता. काउंटरवर यातलं एक अक्षर सांगत नाहीत. बिलासोबत एक चिठ्ठी द्यायला काय जातं?

खाणं. गोल्डफिशचे तरंगणारे दाणे त्याने बघितले सुद्धा नाहीत, सुरुवातीला दोन-तीन दिवस तर काहीच खाल्लं नाही, मडक्याच्या तुकड्यामागे जाऊन बसला. नवीन जागेत आला की असं करतो, घाबरून सारखं सारखं टाकत बसायचं नाही, पाणी खराब होतं. लपायला जागा द्या, दिवा बंद ठेवा, काचेवर टकटक करणाऱ्या शेजारच्या पोरांना आवरा. मग लेकीने फ्रोजन ब्लडवर्मचा तुकडा वितळवून चिमट्याने खाली सोडला, आणि एकदम पाणी ढवळलं, काय झालं कळेपर्यंत तुकडा तोंडात, आणि दोन्ही हात असे आळीपाळीने तोंडात कोंबतायत, एक अळी ओठाबाहेर लोंबत होती ती बोटांनी आत ढकलली. घरात जल्लोष. आता बुडणारे पेलेट (दाणे), मधे मधे ब्लडवर्म, आणि कधी गांडूळ. गांडूळ कुंडीतलं चालतं पण खत-औषध न मारलेल्या कुंडीतलं. दुकानात जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) वाटीत ठेवलेले असतात, ते मी घेत नाही, गटारातल्या चिखलात वाढतात ते आणि रोग घेऊन येतात. लहान आहे तोवर रोज थोडं, मोठा झाला की आठवड्यातून दोन-तीनदाच. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, उरलेलं काढायचं. हा कधीच पुरे म्हणत नाही, तुम्ही द्याल तेवढं खाईल आणि फुगेल.

गरमी हा मात्र खरा त्रास आहे आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये टाकीचं पाणी तिशीला टेकलं होतं. उपाय साधा, टाकी खिडकीपासून लांब, जमिनीलगत, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा टेबल फॅन. पाण्याची वाफ होते आणि दोन-तीन डिग्री उतरतं. झाकण मग जाळीचं करावं लागतं. पावसाळ्यात हवेतच एवढी ओल असते की फॅनचा फारसा उपयोग होत नाही, पण तेव्हा मुळात गरमी कमी. अगदीच झालं तर पाण्याची बाटली गोठवून बंद झाकणाने तरंगत ठेवायची, थेट बर्फ टाकायचा नाही, एकदम गार पण नको. खरं सांगायचं तर ज्यांच्या घरात दुपारभर पत्र्याखाली तापतं त्यांनी क्लॉड घेऊच नये, ड्वार्फ शोधा, तो उकाडा त्यामानाने सोसतो.

झाकणाबद्दल. त्या दुकानातली वीट उगाच नाहीये. हा उडी मारतो, ताकदीने, आणि बाहेर पडला की वाळून मरतो. आमच्याकडे जाळीवर दोन कोपऱ्यांना वजनं.

बाकी कात टाकतो तेव्हा बघण्यासारखं असतं. आधी अंग जरा धुरकट दिसायला लागतं, मग पाय ताणून, अंग वेडंवाकडं करून पातळ पारदर्शक कातडी डोक्याकडे ओढतो आणि खाऊन टाकतो, सगळी, काही शिल्लक नाही. नवरा म्हणाला आजारी आहे, दुकानात फोन कर. आजार-बिजार काही नाही, नेहमीचं आहे ते. दुकानात फोन केला असता तर निळं औषध दिलं असतं. तेही सांगून ठेवते, माशांची औषधं बेडकाला सरसकट घालू नका, विशेषतः तांबं असलेली, यांना झेपत नाहीत. काही वेगळं दिसलं तर आधी पाणी बदला, मग एक्झॉटिक प्राणी बघणारा व्हेट शोधा. व्हेटचा नंबर बेडूक आणायच्या आधीच घेऊन ठेवा, कुत्र्या-मांजरांचे गल्लीगल्लीत आहेत, बेडूक बघणारा शोधायला वेळ जातो.

सासूबाईंना खरवस आवडायला लागला त्याचं श्रेय मी इतिहासाला देते. त्यांना सांगितलं की पूर्वी, १९३० नंतर, बाईला दिवस गेलेत का हे कळायला तिची लघवी याच जातीच्या मादी बेडकाला टोचायचे, आणि बेडकीने बाराएक तासांत अंडी घातली की समजायचं पाळणा हलणार. लॅन्सलॉट हॉगबेन म्हणून इंग्रज शास्त्रज्ञ केपटाऊनला होते, त्यांच्या कामातून ही टेस्ट निघाली, आणि १९६० च्या दशकापर्यंत चालली. बेडकी मरत नसे, पुन्हा वापरता यायची. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वेळेला ही सुईणच होती म्हणायची." पुढे याच बेडकावर जॉन गर्डन यांनी क्लोनिंगचे प्रयोग केले आणि २०१२ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. हे सगळं इथे सांगायचं कारण असं की जगभरच्या लॅबमध्ये हा प्राणी एवढी वर्षं पाळतायत की त्याला किती पाणी, किती गारवा, काय खाणं हे सगळं कधीच लिहून ठेवलेलं आहे. 'कंपनी वेगळी' म्हणायची वेळ कुणावर यायला नको.

लॅबसाठी देशोदेशी गेलेले हेच बेडूक तिथे सुटले किंवा सोडले गेले, आणि आज चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, इटली, कॅलिफोर्निया इथल्या तळ्यांत ठाण मांडून बसलेत. शिवाय यांच्या अंगावर कायट्रिड नावाची बुरशी असू शकते, यांना स्वतःला सहसा काही होत नाही पण दुसऱ्या जातीचे बेडूक मरतात. त्यामुळे कंटाळा आला, शिफ्टिंग आहे, पोरगं होस्टेलला गेलं, काहीही होवो, मासुंदा, उपवन, कचराळी तलाव, येऊरचा ओढा, कुठेही सोडायचा नाही. आपल्याला तळ्यांचं शहर म्हणवून घ्यायला आवडतं ना, आणि वर येऊरला पावसात जे बेडूक ओरडतात ते आपलेच आहेत. नीट सांभाळला तर हा पंधरा वर्षं आणि वरही जगतो, म्हणजे लेक नोकरीला लागेल तोवर तो हॉलमध्येच असणार, हा हिशोब करून मगच घ्या. मी काउंटरवर मुद्दाम विचारलं होतं किती जगतो, तर म्हणाले "जगतो की वर्षभर आरामात." त्यांच्या डब्यात ठेवला तर वर्षभर पण कठीण.

मध्यंतरी एअर पंपचा आवाज वाढला म्हणून पुन्हा गेले. पंप त्यांनी लगेच बदलून दिला, बिल होतं, काही कटकट नाही, तेवढं मात्र मानलं. काउंटरचे दोनाऐवजी अडीच करते. बेडकांच्या टाकीवरची पाटी अजून तीच आहे. पोराला म्हटलं बदल की रे, तर म्हणाला, "ताई मी पुसतो, शेठ परत लिहितात."

जायचं असेल तर रविवारी संध्याकाळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते आणि पोराला गिऱ्हाइकांशी बोलायला वेळ नसतो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या टाक्यांचं पाणी बदलणं चालू असतं तेव्हा जा, सरळ मागे जा, आणि हिरवी नळी कुणाच्या हातात आहे ते बघा. दुपारी दोन ते पाच बंद. पार्किंग नाही, रिक्षाने जा.